बी.फार्म.मधून 'डायरेक्ट' एमबीबीएस? आधी हा इतिहास वाचा

मंगळवारी बाजाराच्या दिवशी दुपारी ऑफिसात बातम्या टाईप करत बसलो होतो. आमच्या पेठेतले एक मेडिकलवाले काका आले आणि आत आल्याबरोबर त्यांनी दार लोटून घेतलं. तेव्हाच कळलं की हे जाहिरातीचं काम नाही.

काकांची मुलगी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. हुशार आहे, पण मन रमत नाही. तिला डॉक्टरच व्हायचंय. बारावीला नीटमध्ये थोडक्यात हुकलं, मग 'वर्ष वाया नको' म्हणून फार्मसी घेतली. घरोघरी घडतं तेच. आता काकांना एक 'ॲडमिशनवाला' भेटलाय. तो म्हणतो, फार्मसीची तीन वर्षं झाली की एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट बसवता येतं, नीटची गरज नाही, याला 'लॅटरल एन्ट्री' म्हणतात. टोकन म्हणून पन्नास हजार घेऊन गेलाय. बाकीची रक्कम लाखांत आहे, ती महिनाअखेरीस द्यायची ठरलीय.

"खरंय का हो हे? तुम्ही पेपरवाले. तुम्हाला माहीत असणार."

मित्रांनो, खरं नाही. हे आधीच स्पष्ट लिहितो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांनी एवढं तरी वाचून जावं. भारतात बी.फार्म., डी.फार्म., नर्सिंग, बीएस्सी कशातूनही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत नाही. सरकारी नाही, खासगी नाही, मॅनेजमेंट कोट्यातही नाही. नीट द्यायची, पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. दुसरी वाट नाही.

पण हा भामटा चालतो कसा, तेही समजून घ्या. त्याची थाप खऱ्याच्या शेजारी उभी आहे. डी.फार्म. झालेला मुलगा बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट जातोच. पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जातो. मग फार्मसीवाला मेडिकलला का नाही, असं कुणालाही वाटणारच.

काकांनी नेमकं तेच विचारलं. "पण का नाही? पोरगी ॲनाटॉमी शिकली, फिजिऑलॉजी शिकली, तीन सेमिस्टर फार्माकॉलॉजी आहे तिला. आमच्या दुकानात एखाद्या डॉक्टरची चिठ्ठी बघून ती सांगते, बाबा, ही दोन औषधं एकत्र नको. मग ते सगळं पाण्यात?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन रात्री वाचत बसलो. जे सापडलं ते लिहितोय. यात माझ्या वडिलांचीही गोष्ट येते, ती ओघाने येईल.

पहिली गंमत अशी की हा रस्ता एकेकाळी होता. नुसता होता असं नाही, विलायतेत आज ज्याला आपण 'फॅमिली डॉक्टर' म्हणतो तो याच रस्त्याने आला. लंडनमध्ये औषध बनवून विकणाऱ्याला 'अपोथेकरी' म्हणत. मूळ धंदा किराण्याचा. मिरी-मसाले विकणाऱ्या ग्रोसर लोकांच्याच संघात हे होते. १६१७ साली राजाने त्यांना वेगळा संघ काढून दिला. वर बसलेले होते फिजिशियन, म्हणजे विद्यापीठात शिकलेले, लॅटिन बोलणारे, महागडे. त्यांनी नाडी बघायची, चिठ्ठी लिहायची आणि अपोथेकरीने पुडी बांधायची, अशी वाटणी. पण फिजिशियन मूठभर आणि रोगी लाखभर. १६६५ च्या प्लेगमध्ये बरेच फिजिशियन शहर सोडून गेले आणि अपोथेकरी मागे राहिले. लोकांनी मग कुणाकडे जायचं?

पुढे एक खटला झाला. विल्यम रोझ नावाच्या अपोथेकरीने जॉन सील नावाच्या खाटकाला औषधं दिली आणि पन्नास पौंडांचं बिल लावलं. खाटकाला गुण काही आला नाही, बिल मात्र आलं. त्याने फिजिशियनांच्या कॉलेजकडे तक्रार केली. कॉलेजने रोझला कोर्टात खेचलं, हा चिठ्ठीशिवाय उपचार करतो म्हणून. खालच्या कोर्टात रोझ हरला. १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. अपोथेकरीने सल्ला द्यायला हरकत नाही, मात्र पैसे औषधाचेच घ्यायचे, सल्ल्याचे नाही.

आता याचा परिणाम बघा. सल्ल्याचे पैसे नाहीत म्हटल्यावर माणूस काय करेल? बाटल्या वाढवेल. एका दुखण्याला चार बाटल्या. आपल्याकडे 'डॉक्टरने औषध नाही दिलं, नुसतं बोलून पाठवलं, कसले पैसे?' ही तक्रार आजही ऐकू येते. ते गणित तीनशे वर्षं जुनं आहे.

१८१५ साली कायदाच झाला. पाच वर्षं उमेदवारी, ठरलेली व्याख्यानं, सहा महिने हॉस्पिटलात हजेरी आणि परीक्षा. पास झाला की परवाना. म्हणजे औषध कुटणाऱ्या पोराला डॉक्टर व्हायची शिडी कायद्याने मिळाली. इंग्रजी कवी जॉन कीट्स याच शिडीने चढला. १८१६ साली त्याने परवाना काढला आणि मग ते सगळं सोडून कविता लिहिल्या. तेव्हा करिअर बदलणारे काही आजचेच नाहीत. १८६५ मध्ये एलिझाबेथ गॅरेट या बाईंनी याच परीक्षेतून परवाना मिळवला, कारण संघाच्या नियमात 'पुरुष' असं कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्या पास झाल्या आणि संघाने लगेच नियम बदलला, म्हणजे दुसरी बाई त्या वाटेने येऊ नये. दार कसं बंद होतं त्याचा हा नमुना. कुणीतरी आत येतं, मगच कडी लागते.

अपोथेकरी डॉक्टर झाले तशी दुकानाची जागा रिकामी झाली. तिथे 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' आले, १८४१ साली त्यांनी आपली सोसायटी काढली, पुढे परीक्षा आणि नोंदणी आली. आज आपण ज्याला फार्मासिस्ट म्हणतो तो हा. म्हणजे आधी एक माणूस वर चढला, मग त्याच्या जागी आलेल्यासाठी शिडी काढून घेतली गेली.

थोडं विषयांतर करतो. नॉर्वेचा हेन्रिक इब्सेन पंधरा-सोळाव्या वर्षी ग्रिमस्टाड नावाच्या गावात औषधाच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. गोळ्या वळता वळता डॉक्टर व्हायचं ठरवलं. १८५० साली राजधानीत जाऊन प्रवेशपरीक्षा दिली, ग्रीक आणि अंकगणितात नापास झाला. म्हणजे त्या काळची नीटच. डॉक्टर राहिलं, नाटककार झाला. त्याच्या 'ॲन एनिमी ऑफ द पीपल'चा नायक एक डॉक्टरच आहे, गावचं पाणी दूषित आहे हे सांगणारा. (सत्यजित राय यांचा 'गणशत्रू' याच नाटकावरचा.) त्यात एक पत्रकारही आहे. आधी डॉक्टरच्या बाजूने, दबाव आल्यावर पलटी. आमच्या जमातीने अधूनमधून वाचावं असं आहे.

असो. आपल्याकडे येऊ.

कंपनी सरकारने हाच 'अपोथेकरी' शब्द जहाजातून इथे आणला. मद्रासला १८३५ साली मेडिकल स्कूल निघालं ते मुळात सैन्यासाठी अपोथेकरी आणि ड्रेसर तयार करायला. त्याचंच पुढे मद्रास मेडिकल कॉलेज झालं. मुंबईत त्याआधी, १८२६ मध्ये, मॅक्लेनन नावाच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली एक शाळा होती, देशी मुलांना देशी भाषेत शिकवणारी. ती १८३२ ला बंद पडली. १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं, इंग्रजीतून. मग माणसांच्या पायऱ्या पडल्या. वर गोरे सर्जन, मध्ये अपोथेकरी (बहुतेक युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन), खाली आपली माणसं, हॉस्पिटल असिस्टंट म्हणून. पुण्यात सुरू झालेलं मेडिकल स्कूल, म्हणजे पुढचं बी. जे., या खालच्या पायरीसाठी होतं. पण तालुक्याचा दवाखाना प्रत्यक्षात कोण चालवत होतं? हेच असिस्टंट. जखम शिवायची यांनी, कॉलऱ्यात गावोगाव फिरायचं यांनी, बाटली भरायची यांनीच.

पुढे परवानेवाले डॉक्टर आले. आमच्या पिढीने लहानपणी जुन्या पाट्यांवर 'एल.सी.पी.एस.' वाचलेलं आठवत असेल. मुंबईत १९१२ साली कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं, त्याचा हा परवाना. एमबीबीएसपेक्षा कमी खर्चाचा. खेड्यापाड्याचा आधार हाच होता.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. सर जोसेफ भोर अध्यक्ष. समितीने म्हटलं, देशात डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, गरिबांसाठी हलका डॉक्टर आणि श्रीमंतांसाठी भारी डॉक्टर असं नको. ऐकायला किती बरोबर आहे. समितीतल्याच काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं की निदान काही काळ परवानेवाले चालू ठेवा, नाहीतर खेड्यात कोण जाणार? बहुमत पहिल्या बाजूला होतं. परवानेवाल्यांची शाळा-कॉलेजं हळूहळू बंद झाली किंवा मोठी झाली. बी. जे. त्याच वर्षी स्कूलचं कॉलेज झालं. आधीच्या परवानेवाल्यांसाठी मात्र 'कंडेन्स्ड एमबीबीएस' काढला गेला. हे लक्षात ठेवा. खालच्या पायरीवरच्या माणसाचं आधीचं शिक्षण धरून त्याला पूर्ण डॉक्टर करायचा कोर्स या देशात होता, आणि तो चालला.

तो फार्मसीवाल्याला का नाही मिळाला? कारण तोवर फार्मसीची गाडी दुसऱ्याच रुळावर गेली होती. १९३१ साली चोप्रा समितीने सांगितलं की बाजारात भेसळीची औषधं फार आहेत आणि औषध बनवणारं शिकलेलं माणूस नाही. १९३२ ला बनारस हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी औषधशास्त्र शिकवायला सुरुवात केली. भर कशावर, तर औषध तयार करणं आणि तपासणं. रसायनशास्त्र, कारखाना, प्रयोगशाळा. ते देशाला हवंही होतं, त्यातूनच आपला औषधउद्योग उभा राहिला. पण रोग्याच्या खाटेपासून हा विद्यार्थी लांब राहिला. आजही बी.फार्म.चा मुलगा शरीर पुस्तकातून शिकतो, त्याला मृतदेहाची चिरफाड नाही, वॉर्डातली वर्षं नाहीत. काकांच्या प्रश्नाचं एक उत्तर हे आहे. पोरगी औषध शिकली हे खरं, पण रोगी शिकली नाही.

आता अण्णा. माझे वडील.

अण्णा १९६२ पासून इथल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. सातवी पास. मिक्श्चर बनवायचं, पुड्या बांधायच्या, बाटलीवर खुणांची कागदी पट्टी डकवायची. लोक घरून बाटली घेऊन यायचे, ती आधी धुवायची. त्यांच्या बोटांना कायम लाल औषधाचा डाग असायचा. अक्षर असं की डॉक्टरांचं लिहिलेलं फक्त त्यांनाच लागायचं.

१९४८ चा फार्मसी कायदा आला तेव्हा जुन्या कंपाउंडरांना एक खिडकी ठेवली होती. पाच वर्षांचा अनुभव दाखवा आणि पहिल्या रजिस्टरमध्ये नाव घाला. अण्णा कामाला लागले तोवर ती खिडकी बंद झालेली. त्याच कायद्याचं कलम ४२ म्हणतं की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध बनवून द्यायचं नाही. ते पुढे ढकलत ढकलत १९८४ पर्यंत आणलं. डॉक्टर स्वतःच्या रोग्याला औषध देतो त्याला त्यात सूट होती, म्हणून अण्णांची नोकरी टिकली. पण स्वतःचं मेडिकल टाकायचं त्यांच्या मनात होतं, ते तिथेच संपलं. ज्यांच्याकडे डिप्लोम्याचा कागद होता त्यांची दुकानं अण्णांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि त्यातल्या दोघांना चिठ्ठी वाचायला अण्णांनीच शिकवलं होतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मी म्हणणार की कायद्याने गरिबावर अन्याय केला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण दुसरी बाजू अण्णांनी स्वतःच मला सांगितली, फार उशिरा.

एका पावसाळ्यात डॉक्टर गावाला गेले होते. आमच्याच गल्लीतला एक माणूस रात्री तापाने फणफणलेला. घरचे म्हणाले, अण्णा, सुई देऊन टाका, डॉक्टरसाहेब हीच देतात. अण्णांनी शेकडो वेळा बघितलेलं. पेनिसिलिन दिलं. आधी थोडं टोचून बघायचं असतं ते त्यांना माहीत होतं, घाईत राहिलं. पाच मिनिटांत माणसाचा चेहरा सुजला, श्वास लागला. साखर कारखान्याची जीप मिळाली म्हणून सरकारी दवाखान्यात पोचला आणि वाचला. त्याचा मुलगा आज माझ्या फेसबुक फ्रेंड लिस्टमध्ये आहे, तो हे वाचेल. त्यानंतर अण्णांनी हातात सुई धरली नाही. लोक रात्री दार वाजवायचे, अण्णा चपला घालून त्यांना डॉक्टरांच्या घरापर्यंत पोचवून यायचे, पण औषध द्यायचे नाहीत. लोकांनी त्यांना भित्रा ठरवलं.

म्हणून बोगस डॉक्टरवर धाड पडली, १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायद्याचं कलम ३३ लागलं, की मी ती बातमी लावतो. 'इतकी वर्षं गरिबांची सेवा केली' असं सांगायला लोक येतात, तरी लावतो. मुंबईत एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली आणि रोगी दगावला, त्या खटल्यात १९९६ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जी पद्धत शिकलाच नाहीस तीत उपचार करणं हाच निष्काळजीपणा. कोर्टाचं मला पटतं.

पण मग सरकारचं वागणं बघा. एकीकडे दार बंद म्हणतात, दुसरीकडे फटी ठेवतात, आणि त्या फटींना काही हिशोब नाही. २०१४ ला महाराष्ट्राने कायदा बदलून होमिओपॅथीवाल्यांना एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं द्यायची वाट काढली. कोर्टकज्जे आणि डॉक्टरांची आंदोलनं अजून चालू आहेत. गंमत अशी की तो कोर्स फार्माकॉलॉजीचा, आणि ज्यांनी पदवीला फार्माकॉलॉजीच केली त्यांचा त्यात पत्ताच नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात उपकेंद्रांवर मधल्या फळीचे आरोग्यसेवक नेमायचे म्हटलं, ब्रिज कोर्ससाठी आयुष डॉक्टर, नर्स यांच्याबरोबर फार्मासिस्टचंही नाव घेतलं. प्रत्यक्षात समुदाय आरोग्य अधिकारी नेमताना आपल्याकडे बीएएमएसवाले आणि नर्सिंगवाले घेतले. फार्मासिस्ट कागदावरच राहिला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आहे, मर्यादित परवान्याचं. त्यावरून ३१ जुलै २०१९ ला देशभर डॉक्टरांचा संप झाला. कलम तिथेच पडून आहे.

२००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. निघालाय, तो मुलगा वॉर्डात राउंडला जातो, पण चिठ्ठी लिहू शकत नाही. आणि ज्या इंग्लंडपासून गोष्ट सुरू झाली तिथे २००६ पासून जादा प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट स्वतः चिठ्ठी लिहितो, आणि फार्मसीच्या पदवीधराला चार वर्षांत डॉक्टर करणारे ग्रॅज्युएट-एन्ट्री कोर्स आहेत. नीट चाळून घेतात, पण घेतात. त्यांनी शिडी परत लावली, आपण 'कंडेन्स्ड'ची होती तीही विसरलो.

माझं म्हणणं एवढंच आहे की थेट दुसऱ्या वर्षाला बसवू नका, वॉर्डातलं शिक्षण एक दिवसानेही कमी करू नका. पण चार वर्षं औषध शिकलेल्याला पुन्हा फार्माकॉलॉजीच्या पहिल्या धड्यापासून बसवण्यात कुणाचं भलं आहे? ज्यांना हे ठरवायचंय त्यांनी ठरवावं. तोवर बारावीच्या मार्कांवर नीट, आणि साडेपाच वर्षं.

काकांच्या मुलीशी परवा बोललो. तिला हे सगळं सांगितलं. नीटला वयाची वरची अट २०२२ मध्ये काढलीय आणि कितीही वेळा देता येते, हे तिला माहीत होतं. एजंटवर तिचा पहिल्यापासून विश्वास नव्हता, वडिलांचाच बसला होता. "दादा, मी शेवटचं वर्ष पूर्ण करते. रजिस्ट्रेशन हातात असलं की दुकान बाबांच्या नंतरही चालेल. मग लातूरला जाते," म्हणाली. मी विचारलं, म्हणजे डॉक्टर होईस्तोवर तिशी येईल? ती म्हणाली, "तिशी तशीही येणारच आहे."

अण्णा असते तर त्यांनी तिला काय सांगितलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.

त्या ॲडमिशनवाल्याचा फोन बुधवारपासून बंद आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता काकांना घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. आपल्या तालुक्यात त्याने आणखी कुणाकडून 'लॅटरल एन्ट्री'चं टोकन घेतलं असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव गुप्त ठेवीन. ऑनलाईन पाठवले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट आणि रोख दिले असतील तर तारीख, एवढं जपून ठेवा.